हातात ग्रिप, गोंदिया ट्रिप!

फ्रेम झक्कास, टायर जाडजूड, गिअर चकाचक. आणि हात जिथे तासन्‌तास राहणार, तिथे दुकानातून आलं तसंच कडक, गुळगुळीत रबर! माउंटन बाईक घेताना आपण सगळं निरखून बघतो आणि नेमकी मूठ बघायची राहून जाते.

माहीत आहे का, चालू सायकलवर तुमचं शरीर फक्त पाच जागी टेकलेलं असतं? दोन पेडल, एक सीट आणि दोन ग्रिप. म्हणजे पाचपैकी दोन जागा हातांच्या. वळणं, ब्रेक, गिअर, तोल, सगळा कारभार तिथूनच चालतो. तर मंडळी, हेल्मेट चढवा, ग्लोव्ह्ज ओढा. धानाच्या बांध्या, मुरमाचे रस्ते आणि सालेकशाच्या डोंगरवाटा असलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यात आज ग्रिपची राईड काढू!

हाडं मोजा, मग ग्रिप मोजा

एका हातात हाडं किती? 27! दोन्ही हातांची मिळून 54. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात 206. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त हाडं मनगटापासून पुढे बसलेली. एवढी नाजूक यंत्रणा तुम्ही गिट्टीच्या रस्त्यावरून हँडलला धरून नेता. तिच्या आणि लोखंडाच्या मध्ये असतं काय? काही मिलिमीटर रबर. बस्स!

आता जादूचा आकडा ऐका: 22.2. माउंटन बाईकच्या हँडलचा, ग्रिप बसते त्या जागेचा, बाहेरचा व्यास 22.2 मिलिमीटर, म्हणजे एक इंचाचे सात अष्टमांश. लाखभर रुपयांच्या बाईकला हाच आकडा आणि बऱ्याचशा साध्या सरळ हँडलच्या सायकलींनाही हाच. अनेक मोटरसायकलींच्या क्लचकडच्या बाजूलाही हेच माप. जग बदललं, कार्बन आलं, डिस्क ब्रेक आले, पण हा आकडा जागचा हलला नाही. त्यामुळे नवी ग्रिप घेताना ‘माझ्या सायकलला बसेल का?’ ही काळजी बहुतेक वेळा सोडून द्या. अपवाद रोड बाईकच्या वाकड्या हँडलचा. तिथे नळी 23.8 मिलिमीटरची असते आणि ग्रिपऐवजी टेप गुंडाळतात.

टेपवरून एक लाखमोलाची गोष्ट! पळसावर, कुसुमावर, बोरीवर लाखेचे किडे वाढतात आणि पळस तर आपल्याकडे पावलोपावली. त्याच लाखेपासून बनतं शेलॅक. माहीत आहे का, लांब पल्ल्याचे जुने हौशी सायकलस्वार हँडलवर सुती टेप गुंडाळून त्यावर शेलॅकचे हात मारतात? टेप कडक होते, पाणी झटकते आणि रंगाला सुरेख मधाळ झाक येते. फागुनात पेटलेल्या पळसाखालून सायकल हाकताना हे आठवा.

कोणतं बोट झोपलं?

आता महत्त्वाचं. नवेगाव बांधला तलाव बघून परतताना कधी करंगळीला मुंग्या आल्यात? आल्या असतील तर ही ओळ दोनदा वाचा: करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर दाबली जातेय ती अल्नर नर्व्ह.

हीच ती नस, जी कोपरावर आपटली की करंट लागतो! ती कोपरातून खाली उतरते आणि मनगटापाशी, करंगळीच्या बाजूने, एका अरुंद बोळातून तळव्यात शिरते. त्या बोळाला ‘गियाँ कॅनॉल’ म्हणतात. झां कासिमिर फेलिक्स गियाँ या फ्रेंच सर्जनने 1861 मध्ये त्याचं वर्णन केलं. हँडलवर तळवा टेकला की वजन नेमकं याच बोळावर येतं. नस चिमटली, बोटं झोपली!

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट सुन्न होत असेल तर? मग नस दुसरी, मीडियन नर्व्ह. कार्पल टनेल वाली. तिचं दुखणं बहुतेकदा मनगट मागे दुमडून धरल्यामुळे वाढतं.

बघा, कसली भारी सोय! कोणतं बोट झोपलं ते बघा, चूक कुठे आहे ते कळतं. करंगळी झोपली तर तळव्याच्या बाहेरच्या कडेला आधार हवा, म्हणजे पंखवाली ग्रिप बघा. अंगठ्याकडची बोटं झोपली तर आधी ब्रेक लिव्हरचा कोन आणि मनगटाची घडी तपासा. राईड संपून बऱ्याच वेळाने सुद्धा बोटं जागी झाली नाहीत, चिमटीत बटण धरवेना, तर ग्रिपचा नाद सोडा आणि डॉक्टर गाठा. नसेच्या बाबतीत ‘होईल बरं आपोआप’ चालत नाही.

हा आजार नव्या पिढीचा वाटतो? माहीत आहे का, सायकलमुळे अल्नर नर्व्ह लुळी पडल्याची नोंद देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1896 मध्येच केली होती! तेव्हा ना सस्पेन्शन, ना जेल ग्लोव्ह्ज. दुखण्याचं नावच पडलं ‘सायक्लिस्ट्स पाल्सी’.

थांबा, नसांचा आणखी एक चमत्कार. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलपाण्यात पऱ्हे लावणाऱ्या बायांची बोटं सुरकुततात, हे गोंदियात कुणाला सांगायला नको. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असं आपण समजतो. खरी किमया नसांची! त्यांच्या हुकमावर बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी आत ओढली जाते. नस तुटलेली असेल तर त्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडतच नाहीत. डॉक्टर ही खूण नसेच्या तपासणीसाठी वापरतातसुद्धा. ओल्या वस्तूवर पकड बसावी म्हणून निसर्गाने दिलेलं हे ट्रेड पॅटर्न असावं, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. म्हणजे बोटांना आपले स्वतःचे ऑल-टेरेन टायर!

दोनशे वर्षांपूर्वीची आरामखुर्ची

पहिली दुचाकी कधी आली? 1817 मध्ये, जर्मनीत, कार्ल ड्राईसची. पेडल नव्हते. जमिनीवर पाय मारत पळायचं. पण माहीत आहे का, त्या लाकडी गाडीवर हात टेकायला गादी लावलेली एक फळी होती! कोपर त्यावर ठेवायचे आणि पळत सुटायचं. पेडल यायला अजून चार-साडेचार दशकं होती, पण हातांच्या आरामाचा विचार पहिल्या दिवसापासून झाला होता.

मग आल्या लाकडाच्या आणि शिंगाच्या मुठी. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची युक्ती शोधली आणि पुढे रबरी मुठींना रान मोकळं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉर्कच्या मुठीही झोकात होत्या. कॉर्क म्हणजे बाटलीच्या बुचाचाच! हलका, घाम शोषणारा, धक्का गिळणारा. कॉर्क ओकची साल काढली की झाड मरत नाही. साधारण नऊ वर्षांनी साल पुन्हा काढता येते. आज एर्गोन ही जर्मन कंपनी कॉर्क मिसळलेल्या ग्रिप बनवते. जुनं ते सोनं, सॉरी, जुनं ते बूच!

आणि ब्रुक्स ही सीटसाठी गाजलेली कंपनी? ती चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून ग्रिप बनवते. दिसायला राजेशाही. पावसाळ्यात मात्र जीवाला घोर.

आता एक लय भारी सरप्राईज. आजोबांची ती काळी, उंच, दांडीवाली सायकल आठवा. तिचं हँडल रायडरकडे मागे वळलेलं. हात सहज खाली सोडून मूठ धरली की मनगट सरळ राहतं आणि पाठ ताठ. बाजाराच्या दिवशी मागे पोतं बांधून मैलोन्‌मैल ती सायकल हाकणाऱ्यांची मनगटं त्याच आकाराने सांभाळली. आजच्या माउंटन बाईकचं हँडल मागे वळतं साधारण सात ते नऊ अंश. आणि अमेरिकेतला जेफ जोन्स हा डिझायनर ज्या हँडलसाठी ओळखला जातो, ते मागे वळतं तब्बल 45 अंश! फिरून फिरून गाडी आजोबांच्या अंगणात.

त्या सायकलींच्या मुठीतून लटकणारे रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे झुपके आठवतात? आरामाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण सुसाट निघाल्यावर ते मागे उडायचे ना, तो थाट वेगळाच!

डोंगर उतरायची खुमखुमी

माउंटन बाईकचा जन्म कुठला? कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावरचा. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. नाव असं का? उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली पोहोचलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजेच ‘रीपॅक’ करायचं. तिथला विक्रम गॅरी फिशरच्या नावावर: 4 मिनिटं 22 सेकंद!

तिथे शर्यत लावणाऱ्या पोरांनी जुन्या जड सायकलींना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. आता कळलं ना, 22.2 चा आकडा किती कामाचा? मोटरसायकलचं सामान सायकलला सरळ बसलं.

पुढची पावलं झपझप. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली, कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाईक. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग दाखल. 2024 ला पॅरिसमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने मध्येच पंक्चर होऊनही सलग दुसरं सुवर्ण जिंकलं. पंक्चर झालं म्हणून रडत बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

स्पीडचं वेड बघायचंय? फ्रान्सच्या एरिक बॅरोनने 2017 मध्ये वार्स इथल्या बर्फाच्या उतारावर सायकल ताशी 227.72 किलोमीटरने पळवली. हाच पठ्ठ्या 2002 मध्ये निकाराग्वातल्या ज्वालामुखीच्या उतारावर 172 च्या वेगाला पोहोचला आणि सायकलची फ्रेमच मोडली. माणूस वाचला. वाचून पुन्हा सायकलवर बसला!

आपल्या विदर्भाचा झेंडा विसरून कसं चालेल? नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. पुढच्या वर्षी ट्रान्स-सायबेरियन: मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,000 किलोमीटरच्या वर! त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी हीच अमेरिकेची शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली होती, असं करणारे पहिले भारतीय म्हणून. एवढे दिवस हँडलवर हात ठेवायचे म्हणजे काय, हे तळव्यांनाच विचारा. या शर्यती डांबरी रस्त्यावरच्या. आपल्या गिट्टीवर तर तळव्यांना दर मिनिटाला ठोसे.

आता शॉपिंग! ग्रिप निवडायची कशी?

पहिला मंत्र जाडी. ग्रिप साधारण 28 ते 34 मिलिमीटर जाडीच्या मिळतात. हात लहान असेल तर 30 च्या आसपास बघा, मोठा पंजा असेल तर 33-34. टेस्ट एकदम सोपी: ग्लोव्ह्ज घालून मूठ आवळा. बोटांची टोकं तळव्याच्या अगदी जवळ यायला हवीत. तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक. टोकं तळव्यापासून लांबच राहत असतील तर ग्रिप जाड. आणि गंमत ही, की दोन्ही चुकांची शिक्षा एकच: जास्त आवळून धरावं लागतं आणि कोपरापर्यंतचा हात भरून येतो. जाड म्हणजे मऊ, मऊ म्हणजे आरामदायी, हे गणित डोक्यातून काढून टाका. लहान हाताच्या मुलीला जाड ग्रिप म्हणजे शिक्षाच.

दुसरा मंत्र आकार. एर्गोनॉमिक ग्रिपला करंगळीच्या बाजूला चपटा पंख असतो. तळव्याचा भार एका बिंदूवर न पडता पसरतो, अल्नर नर्व्ह सुटकेचा श्वास घेते. जर्मनीत कोब्लेंझला 2003 मध्ये सुरू झालेल्या एर्गोनने हा आकार जगभर लोकप्रिय केला. गोंदियाहून देवरी, देवरीहून चिचगड अशा लांब, सरळसोट राईडसाठी पंखवाली ग्रिप फर्स्ट क्लास.

पण! खडकाळ उतारावर, जिथे हात सतत सरकवावा लागतो, कोपर बाहेर काढावे लागतात, तिथे पंख आडवा येतो. तिथे गोल किंवा किंचित आकार दिलेली बारीक ग्रिपच बरी. दरेकसाच्या डोंगरवाटा उतरायच्या की नवेगावच्या रस्त्यावर तासन्‌तास पेडल मारायचं, हे आधी ठरवा, मग पाकीट उघडा. दुकानदार सांगेल ‘ही सगळ्यात चालते’. सगळ्यात चालणारी ग्रिप अजून कुणी बनवलेली नाही.

पंखाचा कोन? इथे बहुतेकांचा खेळ बिघडतो. सायकलवर बसा, हात नेहमीसारखे ठेवा, कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासून पंज्यापर्यंत सरळ रेघ दिसली पाहिजे. पंख फार वर गेला तर मनगट मागे दुमडतं, फार खाली गेला तर तळवा घसरतो. आधी स्क्रू हलका ठेवून कोन जुळवा, एक चक्कर मारा, मग पक्का करा.

तिसरा मंत्र मटेरियल. सिलिकॉन एकदम हलकं आणि मऊ. अमेरिकेच्या ईएसआय कंपनीच्या रेसर्स एज ग्रिपची जोडी फक्त 50 ग्रॅमच्या आसपास! लॉक-ऑन जोडी साधारण त्याच्या दुप्पट किंवा जास्त. फोम स्वस्त आणि गुबगुबीत, पण घाम पितो आणि लवकर फाटतो. रबर सगळ्यात भरवशाचं. नक्षी बघा: बोटांखाली आडव्या रेघा, तळव्याखाली मऊ चौकटी, अंगठ्याखाली पातळ कड. प्रत्येक नक्षीचं काम वेगळं.

आपल्याकडे आणखी एक परीक्षक आहे: मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकला की तळव्यातून घामाच्या धारा. माहीत आहे का, शरीरात घामाच्या ग्रंथी सगळ्यात दाट असतात त्या तळहात आणि तळपायांवर? म्हणून उन्हाळ्यात गुळगुळीत ग्रिप म्हणजे संकट. खोल नक्षी घ्या, ग्लोव्ह्ज घाला. सायकल उन्हात उभी करू नका. काळं रबर तापतं आणि ऊन हळूहळू त्याचा जीवही घेतं.

मच्छरांचं क्रीम लावून ग्रिप धरता? सांभाळून! त्यातलं डीट हे रसायन अनेक प्लॅस्टिकला आणि काही रबरांना विरघळवतं. जंगलकाठी जायचं तर क्रीम लावा, जरूर लावा, पण तळवे धुवून, पुसून मग हँडल धरा.

स्प्रे मारा, ग्रिप चढवा

ग्रिप दोन जातीच्या. एक स्लिप-ऑन, सरळ नळीवर चढवायची. दुसरी लॉक-ऑन, टोकाला धातूची कडी आणि अॅलन कीचा स्क्रू. नवशिक्यांनी डोळे झाकून लॉक-ऑन घ्यावी. एक कडीची घेतली तर बाहेरच्या बाजूला कडक रिंग टोचत नाही, दोन कडीची जास्त घट्ट बसते. माझं मत एक कडीला.

जुनी स्लिप-ऑन काढायचीय आणि ती हलेना? ब्लेड काढू नका अजून. बारीक, बोथट काडी रबराच्या कडेखाली सरकवा, फटीत थोडं पाणी किंवा स्पिरिट सोडा आणि ग्रिप पुढे-मागे पिळा. आत पाणी फिरलं की ‘पच्‌’ आवाज येतो आणि हट्टी ग्रिप सरसर बाहेर. कार्बनचं हँडल असेल तर तिथे ब्लेड आणि स्क्रूड्रायव्हर दोन्ही वर्ज्य. एक ओरखडा महागात जातो.

नवी चढवताना काय वापरतात माहीत आहे का? हेअरस्प्रे! होय, केसांचा. ओला असताना घसरतो, वाळला की चिकटतो. आत फवारा, झटक्यात ढकला, रात्रभर राहू द्या. मोटोक्रॉसवाले तर ग्रिपवर बारीक तार आवळून बांधतात. तेल, ग्रीस, साबण मात्र अजिबात नको. ते वाळतच नाहीत नीट आणि मूठ भर उतारावर हातात येते.

गोंदियाला हे नाव जंगलातून येणाऱ्या गोंदावरून पडलं, असं सांगतात. म्हणून घरातला गोंद ग्रिपला फासू नका! घामाने तो पुन्हा ओला होतो.

स्क्रू किती आवळायचा? ग्रिपवर किंवा कडीवर न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो. तोच अंतिम. ताकद दाखवायची जागा चढावर, अॅलन कीवर नाही.

आणि हे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही: हँडलच्या टोकाला बूच असलंच पाहिजे. उघडी नळी म्हणजे पडल्यावर मांडीत, पोटात घुसणारा गोल पंच. शर्यतींच्या नियमांतही टोकं बंद हवीत. चिंचोक्याएवढं प्लॅस्टिकचं बूच, किंमत किरकोळ. हरवलं तर त्याच दिवशी नवं बसवा. घरात मुलांच्या सायकली असतील तर त्या आज संध्याकाळीच तपासा.

दोष ग्रिपचा की सीटचा?

नवी ग्रिप लावूनही हात दुखतात? मग चोर दुसरीकडे आहे. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि अख्खा भार तळव्यांवर. सीट सपाट करा. बऱ्याचदा एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

ब्रेक लिव्हर जमिनीला समांतर ठेवले असतील तर उभं राहून उतरताना मनगट खाली मोडतं. लिव्हर किंचित खाली झुकवा, एक बोट सहज पोहोचेल असे आत घ्या. डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं. बाकीची तीन ग्रिपवर!

हवा! पंपवाला ‘टाईट’ करून देतो आणि टायर धोंड्यासारखा होतो. जाड टायर कमी हवेवर धक्के खातो, म्हणजे तुमच्या वाट्याचे धक्के कमी. टायरच्या कडेवर कमाल-किमान आकडा छापलेला असतो. त्या हद्दीत खालच्या बाजूला राहून बघा. याहून स्वस्त सस्पेन्शन मिळणार नाही.

हँडलची रुंदीही बघा. जुन्या माउंटन बाईकची हँडलं साधारण 600 मिलिमीटरची असायची. आजची 740 ते 800! तुमचे खांदे अरुंद असतील तर एवढ्या रुंद हँडलवर मनगटं बाहेर वळतात. हँडल कापून लहान करता येतं, पण आधी ग्रिप आत सरकवून चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही.

टेस्ट राईड, गोंदिया स्टाईल

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. राईस मिलचा, तलावांचा, जंगलाचा. ग्रिप पारखायला असा मुलूख शोधून सापडणार नाही. सकाळी धुऱ्याच्या कडेकडेने, मग मुरूम, मग गिट्टी, मग डोंगर. एका दिवसात सगळ्या परीक्षा!

सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ हाजरा फॉल, पावसाळ्यात रंगात आलेला. त्याच भागात कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या राज्यांतून भाविक येतात. ते श्रद्धेचं ठिकाण आहे, तिथे सायकल खाली लावून पायी जा.

नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकात बांधला, असं सांगितलं जातं. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. सात बहिणी, एक सायकल, फोटो फ्री!

धानाच्या बांधीत उंच, राखाडी, लाल डोक्याची जोडी दिसली तर ब्रेक! तो सारस. उंची 1.8 मीटरपर्यंत जाते. माहीत आहे का, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच हाच? महाराष्ट्रातले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात उरलेत. लांबूनच बघा, घरट्याकडे तर फिरकूच नका. ते बांधीत घरटं करतात आणि शेतकरी ते सांभाळून धान कापतात, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने मिरवावी अशी आहे.

नवेगाव-नागझिरा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलाच्या आत सायकल घुसवायची नाही. वनविभागाचे नियम पाळा, बाहेरचे गावरस्ते धरा, अंधार पडायच्या आत घरी या. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वलंही बाहेर असतात. हँडलवर एक घंटी हवीच, ती ग्रिपच्या लगत, अंगठा पोहोचेल अशी बसवा. जंगलाकाठच्या वळणावर घंटी वाजवत जाणं हा शहाणपणा आहे.

साध्या ग्रिपची जोडी दोन-तीनशेत मिळते. नावाजलेल्या कंपनीची एर्गोनॉमिक जोडी हजार-दोन हजारांच्या पुढे जाते. हजाराच्या आत बसवायचं असेल तर मी सांगेन, बरी लॉक-ऑन ग्रिप आणि चांगले ग्लोव्ह्ज घ्या, पंखाचा हट्ट सोडा. आठवड्याला दोन-तीन तासांच्या वर सायकल चालवत असाल आणि करंगळी झोपत असेल, तर मात्र पैसे वाचवू नका. दुकानात जाताना ग्लोव्ह्ज खिशात घालून न्या, पाकिटातली ग्रिप बाहेर काढायला लावा, मूठ आवळून बघा. रंग सगळ्यात शेवटी.